केमिस्ट्रीचा पेपर, टपरीवरची आन्सर की आणि चारशे रुपयांची छायाप्रत

बारावी बोर्डाच्या केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी शिवजयंती होती. १९ फेब्रुवारी २०२५. धायरीत आमच्या सोसायटीमागच्या चौकात सकाळी सातपासून स्पीकर लागलेला. घरात आवाज कमी येणारी एकच जागा, ती म्हणजे बाथरूम. तिथे प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा धडा वाचत होते. आजी दर अर्ध्या तासाने दार वाजवायची. "झालं का गं वाचून? मला जायचंय."

माझी मावसबहीण यंदा बारावीला गेली. परवा तिने विचारलं, "ताई, पेपर अवघड गेला तर पुढे काय करायचं असतं?" तिला फोनवर सांगायला गेले आणि तासभर बोलत बसले. मग वाटलं, लिहूनच काढावं. त्या पेपरपासून उत्तरपत्रिकेची छायाप्रत हातात पडेपर्यंतचे तीन महिने मी बऱ्यापैकी मूर्खपणात घालवले, तिने तरी घालवू नयेत.

माझं केंद्र सदाशिव पेठेत होतं. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू असल्याने बाबांनी नऊलाच गाडी काढली. केंद्रावर साडेदहापर्यंत पोहोचायचं असतं, पेपर अकराला हातात पडतो आणि दोनला संपतो. वर शेवटी दहा मिनिटं जास्तीची मिळतात, म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत लिहिता येतं. पूर्वी ही दहा मिनिटं सुरुवातीला, पेपर वाचायला मिळायची म्हणे. या दहा मिनिटांचं मी काय केलं, ते पुढे येईलच.

लॉग टेबल, म्हणजे आकडेमोडीसाठीच्या कोष्टकांचं पुस्तक, स्वतःचं न्या. कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि बाकावर कुणाकडे काही मागायला गेलात की पर्यवेक्षकांची नजर लगेच वळते. मी अप्पा बळवंत चौकातून नवीन घेतलं होतं. नव्याची पानं एकमेकांना चिकटतात, त्यामुळे आदल्या रात्री एकदा सगळी पानं सुटी करून ठेवलेली बरी. हे मला पेपरमध्ये अँटिलॉगचं पान नखाने सोडवताना कळलं.

पेपर सत्तर मार्कांचा, उरलेले तीस प्रॅक्टिकलचे. सेक्शन ए मध्ये दहा एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, आणि आठ एका वाक्यातले, सगळे सोडवायचे. सेक्शन बी मध्ये दोन मार्कांचे बारा प्रश्न, त्यातले कोणतेही आठ. सी मध्ये तीन मार्कांचे बारा, त्यातलेही आठ. डी मध्ये चार मार्कांचे पाच, त्यातले तीन. हे आकडे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आले असते. पण आकडे पाठ असले म्हणजे हातून तेवढे प्रश्न सुटतातच असं नाही.

पहिल्या पंधरा मिनिटांत माझे तळहात ओले झाले. एमसीक्यूतल्या तीनवर मी अडकले. त्यातला एक अमाइन्सचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या एका प्रकारच्या संयुगांचा होता, पाण्यातल्या द्रावणात सर्वांत जास्त बेसिक (आम्लाच्या उलट गुणाचं) कोण असा. मी डायमिथाइल लिहिलं आणि लिहिल्याक्षणी खात्री गेली. मागच्या बाकावरची मुलगी रडत होती. आवाज येत नव्हता, नाक ओढल्याचं तेवढं कळत होतं. तिच्याकडे बघून मला आणखी घाबरायला झालं. सेक्शन बी मध्ये एक प्रश्न नावाच्या अभिक्रियेचा होता, म्हणजे शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात तिचा. येत होता, पण अभिकारक, म्हणजे ती घडवणारा पदार्थ, आठवेना. 'नंतर बघू' म्हणून पुढे गेले.

दोनला घंटा झाली आणि जास्तीची दहा मिनिटं सुरू झाली. ती सगळीच्या सगळी मी त्या अमाइनच्या एमसीक्यूकडे बघण्यात घालवली. पेपरवर स्पष्ट सूचना असते की एमसीक्यूचं पहिलं लिहिलेलं उत्तरच धरलं जाईल. म्हणजे मला ते बदलताही येणार नव्हतं. तरी मी बघत बसले.

बाहेर पडल्यावर जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पेरुगेटच्या बाजूला एका अमृततुल्यापाशी आमचा घोळका जमला. सानिका, तेजस, अल्ताफ आणि मी, शिवाय ओळखीपाळखीचे सात-आठ. आई फाटकाशी उभी होती. तिने आधीच बजावलं होतं, "उत्तरं जुळवत बसू नका, परवा मॅथ्स आहे." मी तिला म्हटलं, "पाच मिनिटं," आणि पाऊण तास लावला.

तेजसचा आवाज मोठा आहे, म्हणून टपरीवरची आन्सर की त्याची. त्याने अमाइनचं उत्तर ट्रायमिथाइल म्हणून जाहीर केलं. का, तर मिथाइल गट इलेक्ट्रॉन ढकलतात, दोनपेक्षा तीन जास्त ढकलणार. सानिका म्हणाली, ते वायुरूपात. पाण्यात प्रोटॉन घेतलेल्या आयनला पाणी सावरतं, आणि तीन मिथाइलच्या गर्दीत पाण्याला जागा मिळत नाही, म्हणून डायमिथाइल. ती हळू बोलते. शिवाय तिचा चहा सांडला तेवढ्यात. मतदान झालं आणि ट्रायमिथाइल सात विरुद्ध तीनने निवडून आलं. मी माझ्या उत्तराच्या विरोधात मत दिलं. खरंच दिलं.

मग कायनेटिक्सचं, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचं गणित निघालं. आकडे मी इथे सोपे करून लिहिते. फर्स्ट ऑर्डरची अभिक्रिया (जितका पदार्थ उरलाय तितका वेग), हाफ लाइफ, म्हणजे अर्धी पूर्ण व्हायचा वेळ, वीस मिनिटं, तर नव्वद टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? तेजस म्हणाला, "थ्री पॉइंट झिरो फोर." मागून आणखी चार जण म्हणाले, "हो, माझंही तेच." माझं साडेसहासष्ट आलं होतं. मी गप्प बसले. अल्ताफचंही माझ्यासारखंच आलेलं, पण तो म्हणाला, "मग मी लॉग चुकीचा बघितला असेन." पाच जणांचं उत्तर एक असेल तर पाचही जण एकाच ठिकाणी घसरले असतील, हे तिथे उभं राहून सुचत नाही.

गाडीत बसल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. सकाळी बासष्ट वाटत होते. टपरीवरून निघताना ते चोपन्न झाले. घरी आल्यावर ग्रुपवर कुणीतरी टाकलेला, एका क्लासने व्हिडिओत सोडवलेला पेपर पाहिला, सत्तेचाळीस. त्या सोडवलेल्या पेपरमध्येही दोन चुका होत्या हे रात्री नऊला त्याच क्लासच्या सरांनी व्हिडिओखाली लिहिलं. तोवर मी दोनदा रडून घेतलं होतं.

संध्याकाळी आई पोळ्या करत होती आणि मी ओट्याला टेकून तिला ते गणित सांगत होते. आई कॉमर्सची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्ध्या पोळ्या व्हायला मला वीस मिनिटं लागली, तर नव्वद टक्के पोळ्या तीन मिनिटांत कशा होतील गं?"

मी तिथेच खाली बसले. तेजस आणि कंपनीने उरलेले दहा टक्के घ्यायच्या जागी नव्वद घेतले होते. शंभर भागिले दहाचा लॉग एक. शंभर भागिले नव्वदचा लॉग ०.०४५८. तिथे सगळा घोळ. आईची पोळी खरं म्हणजे फर्स्ट ऑर्डर नाही, तिचा वेग शेवटच्या पोळीपर्यंत तोच असतो, पण मुद्दा बरोबर होता. हाफ लाइफ वीस मिनिटं असेल तर चाळीस मिनिटांत पंचाहत्तर टक्के होतात, साठात साडेसत्त्याऐंशी. नव्वद मग सासष्टच्या आसपासच येणार.

मी अल्ताफला फोन केला. तो म्हणाला, "देवा! मी तर आत्ताच बाबांना सांगितलं की तीन मार्क गेले." तेजसला नाही केला. परवा मॅथ्स होतं, त्याला कशाला सांगायचं.

२२ तारखेचा मॅथ्सचा पेपर त्यामुळे बिघडला का? थोडा. शुक्रवारचा अख्खा दिवस मी अर्धी मॅथ्समध्ये आणि अर्धी ग्रुपवर होते. दुपारी दादाने माझा फोन घेऊन कपाटावर ठेवला. त्याचं मी अजून ऐकून घेते आहे. मावसबहिणीला मी एवढंच सांगितलं आहे की टपरीवर जायचं असेल तर शेवटच्या पेपरनंतर जा. ती जाणार नाही असं होणार नाही हे मला माहीत आहे. मीही गेलेच असते.

मार्च-एप्रिल सीईटीत गेले. केमिस्ट्री मनात मागे कुठेतरी टोचत राहायची. मला इंजिनिअरिंग करायचंच नव्हतं. सीईटी घरच्यांसाठी दिली. मला बीएस्सी करायचं होतं, आणि मी ज्या कॉलेजांकडे बघत होते तिथे बारावीच्या मार्कांवर यादी लागते. म्हणून एकेक मार्क मोजत होते. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना बारावीचे मार्क पात्रतेपुरते लागतात, तरी टपरीवर आमच्यापेक्षा जास्त तेच भांडत होते, हे मला आता गमतीचं वाटतं.

५ मे, सोमवार, दुपारी एक. निकाल बघायला सीट नंबर आणि आईचं नाव लागतं. साइट पहिली दहा मिनिटं उघडेना. आजी देवघरात जाऊन बसली, बाबा ऑफिसातून दर मिनिटाला फोन करत होते, त्यामुळे नेट आणखीच तुटत होतं. एक वाजून वीस मिनिटांनी पान उघडलं. केमिस्ट्री ८२.

सत्तेचाळीसची भीती घेऊन बसलेल्या मुलीला ८२ म्हणजे आनंद व्हायला हवा. झाला. दहा मिनिटं. मग लक्षात आलं की प्रॅक्टिकल चांगलं गेलेलं, तिथे एकोणतीस धरले तर लेखीत त्रेपन्न. आणि आता मला माहीत होतं की कायनेटिक्सचं बरोबर आहे, अमाइनही बरोबर आहे. पुस्तकात बघितलं होतं मी. मग सतरा मार्क गेले कुठे? सानिकाला ९१ होते. तिच्याशी तुलना करायची नाही असं ठरवून मी ती केली.

इथे थोडं किचकट आहे, पण कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. बोर्डाकडे तीन वेगळ्या गोष्टी मागता येतात. दर २०२५ चे. गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये. त्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. उत्तर पुन्हा तपासत नाहीत. छायाप्रतीला ४०० रुपये. तुमच्या उत्तरपत्रिकेची प्रत तुम्हाला मिळते. पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये, म्हणजे उत्तरं पुन्हा तपासणं, पण त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असावीच लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. बरेच जण थेट पुनर्मूल्यांकनाला जायला बघतात आणि तिथे अडतात.

आमच्या वेळी अर्जाची मुदत ६ ते २० मे होती. मी दोन दिवस घरात वाद घातला. बाबांचं म्हणणं, ८२ चांगले आहेत, कशाला उकरून काढायचं. आई म्हणाली, "तिला झोप लागत नाही, चारशे रुपये जाऊ देत." आजीने पदराची गाठ सोडून पाचशेची नोट काढली. पैसे ऑनलाइनच भरायचे होते, तरी ती नोट मला घ्यावीच लागली.

८ मेला अर्ज भरला. स्वतः घरून भरता येतो, कॉलेजमार्फतही. मी स्वतः भरला, साधारण वीस मिनिटं लागली. ऑनलाइन निकालाची प्रत आधीच पीडीएफ करून ठेवा. ईमेल पत्ता स्वतःचा आणि रोज उघडला जाणारा द्या. माझ्या एका मैत्रिणीने सायबर कॅफेवाल्याचा दिला होता, मग रोज त्याच्या दुकानात चकरा. पैसे गेल्यावर येणारी पावती डाउनलोड करा, स्क्रीनशॉटवर भागवू नका. मी दोन्ही केलं आणि वर ती पावती दादालाही पाठवून ठेवली. त्याने "बरं" एवढंच लिहिलं.

मग वाट बघणं. रोज सकाळी मेल उघडायचा, स्पॅमचा फोल्डरही. मधल्या काळात बीएस्सीचे फॉर्म भरणं चालू होतं. प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, वेगळी फी, वेगळा फोटोचा आकार. मे महिन्यात त्या वर्षी पाऊस लवकर आला, आणि मी छत्री धरून झेरॉक्सच्या दुकानात उभी आहे हे चित्र तेवढं त्या दिवसांचं लक्षात आहे.

महिनाअखेर मेल आला. शनिवारी दुपारी. घरात सगळे झोपलेले. पीडीएफ उघडली आणि पहिल्यांदा जाणवलं ते माझं अक्षर. फेब्रुवारीतली घाबरलेली मी त्या अक्षरात दिसत होते. पहिल्या पानावर अक्षर बरं, तिसऱ्यावर उजवीकडे झुकलेलं, सी सेक्शनला पोहोचेपर्यंत कोंबडीचे पाय.

अमाइन बरोबर. एक मार्क. कायनेटिक्स पूर्ण तीन. जिथे टपरीवर पाऊण तास भांडलो तिथलं माझं काहीच गेलं नव्हतं.

एका एमसीक्यूत मी नुसतं 'सी' लिहिलं होतं. उत्तर बरोबर, पण सूचना अशी असते की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाही. बाकीचे नऊ मी नीट लिहिले होते. एकच घाईत. गेला मार्क. सॉलिड स्टेटच्या घनतेच्या गणितात पिकोमीटरचे सेंटीमीटर करताना दहाचा उणे दहावा घात घ्यायचा, मी उणे आठवा घेतला. तो अँगस्ट्रॉमचा. रीत बरोबर म्हणून काही मार्क मिळाले, उत्तराचा गेला. हे गणित टपरीवर कुणी काढलंच नव्हतं, कारण ते सगळ्यांना 'सोपं' गेलं होतं. ग्रीन केमिस्ट्रीवर मी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याला दोन ओळींइतकेच मार्क होते. बाकीचे अर्धा-अर्धा करत गेलेले.

पण बेरीज तरी जुळेना. दोन मार्क कुठे गेले ते मला रात्रीपर्यंत सापडले नाहीत. एखादं उत्तर तपासायचं राहिलं असणार, असं वाटायला लागलं. मनातल्या मनात अर्ज लिहूनही झाला.

सोमवारी प्रत छापून कॉलेजला गेले. केमिस्ट्रीचे सर प्रवेशाच्या कामासाठी आलेले होते. एक टीप, इथे खरंच लक्ष द्या. पाच दिवस पटकन जातात आणि मे-जूनमध्ये शिक्षक सापडणं सोपं नसतं. छायाप्रत मागवतानाच सरांना सांगून ठेवा की मी येणार आहे. मी सांगितलं नव्हतं, नशीब म्हणून भेटले.

सरांनी चष्मा वर केला, पानं झरझर उलटली, मध्येमध्ये "हं" म्हणाले. घनतेच्या गणितापाशी थांबून माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मग सेक्शन बी वर आले आणि पेनाच्या टोकाने मोजायला लागले. एक, दोन, तीन. पान उलटलं. चार, पाच, सहा, सात. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"आठवा कुठाय?"

आठवा नव्हता. ती नावाची अभिक्रिया. 'नंतर बघू' म्हणून सोडलेली. घरी येताना बसमध्ये तिचा अभिकारक मला आपोआप आठवला. शेवटच्या दहा मिनिटांतली दोन तिथे दिली असती तर तेव्हाही आठवला असता. आठवला नसता तरी दुसरा कुठलातरी येणारा प्रश्न लिहिता आला असता, बारांतले आठच तर लिहायचे होते. मी त्या वेळेत एका अशा उत्तराकडे बघत होते जे बरोबर होतं आणि बदलताही येणार नव्हतं. त्यावर तीन महिने काळजी केली. आठवा प्रश्न लिहिलाय की नाही, ही काळजी मात्र एकदाही केली नव्हती.

सर म्हणाले, "पुनर्मूल्यांकनाला देऊ नकोस. मी तपासला असता तर एखादा अर्धा मार्क इकडे-तिकडे झाला असता, पण यात मागण्यासारखं काही नाही." मग थोडं थांबून, "नऊ सोडवणारी मुलं बघितलीत मी. सात सोडवणारी हुशार मुलगी पहिल्यांदाच." सरांना हे सांत्वन वाटत असावं. तीनशे रुपये वाचले.

बीएस्सीला प्रवेश मिळाला. हव्या असलेल्या कॉलेजात नाही, दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेल्यात. डेक्कनहून चालत जाता येतं आणि लॅब चांगली आहे.

गेल्या आठवड्यात तेजस भेटला, त्याच टपरीवर. तो कम्प्युटर इंजिनिअरिंगला गेलाय, त्याला केमिस्ट्रीत ७४. मी फोनवर माझी पीडीएफ दाखवली आणि सात प्रश्नांची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. तीन पॉइंट झिरो फोर मी काढलं नाही. चहा आला. दोन घोट झाल्यावर तो एकदम गप्प झाला आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला.

"काय झालं?"

"नाही गं, मी आठ सोडवले होते. बहुतेक."

"बहुतेक?"

छायाप्रतीची मुदत केव्हाच संपली होती. तो अजून बोटांवर मोजत होता.